उम्दाची शप्पथ आणि गणिताचा पेपर

अल्लाची शप्पथ, माझ्या दोन्ही डोळ्यांची शप्पथ, या ग्लासातल्या पुदिन्याची शप्पथ, आता जे सांगणार आहे ते अक्षर न् अक्षर खरं आहे. हसू नका रे. मागच्या वेळी मगरीची गोष्ट सांगितली तेव्हा मी शप्पथ घेतली नव्हती, आठवून बघा. आज घेत्ये. ज्याला खरं वाटत नसेल त्याने भोपळ्याच्या बिया इथेच ठेवाव्यात आणि खुशाल उठून जावं.

तुमचे मार्क फोनवर येतात. टिंग वाजतं, की घरात पेढे नाहीतर रडारड. आमच्या वेळी तसं नव्हतं. सानविया, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, सगळ्या देशाला एकच पेपर, आणि निकाल सकाळच्या गाडीने छापील पेपरात यायचा. नावं नाहीत, नुसते सीट नंबर. पास झालेल्यांचेच. तुमचा नंबर नसला की नसला. त्या बारीक टायपातल्या फटीत माणूस पडायचा आणि वर यायचा नाही.

मी सतरा वर्षांची होते. आपल्या सैन्याने लढाईत तो जहाजांचा मोठा कालवा ओलांडला त्याच्या पुढचं वर्ष. आमचं कफ्र अत-तूत गाव एवढंसं, पण मुलींची सरकारी शाळा होती, आणि त्या शाळेत सायन्सचा वर्ग होता. आम्ही नऊ मुली. गणिताला इन्साफबाई. काटकुळी बाई, खडू इतका टोकदार करायच्या की फळ्यावर रेघ ओढली की दात आंबायचे. आदल्या वर्षी आठ मुली बसल्या होत्या, पास दोन. त्यामुळे त्या फेब्रुवारीत जिल्ह्याहून इन्स्पेक्टर आला. शाळा बघितली, रजिस्टर बघितलं, आणि चहाला उम्दाकडे गेला. उम्दा म्हणजे गावाचा मोठा. आमचा मेतवल्ली उम्दा. उंची कमी, मिशी जास्त.

आता या उम्दाची एक खोड होती, ती आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हा माणूस उठता बसता तलाकची शप्पथ घ्यायचा. आपल्याकडे बाप्ये घेतातच, माहीत आहे. पाहुण्याने जेवायला नको म्हटलं की, जेवला नाहीस तर माझ्या बायकोला तलाक. पण हा कशावरही. कलिंगड हातात घेऊन म्हणायचा, आतून लाल नसेल तर तफीदाला तलाक. आणि कापलं की पांढरं निघायचं. मग काय करणार? सगळी बैठक म्हणायची, वा, काय लाल आहे. आणि ते कच्चं कलिंगड मिटक्या मारत खायची. मासा शिळा असला तरी उम्दाने ताजा आहे अशी शप्पथ घेतली की तो ताजा. त्याच्या कबुतरखान्याचा मनोरा चाळीस हात उंच आहे असं तो शप्पथेवर सांगायचा, तर गावात पोरंसुद्धा चाळीसच म्हणायची. एकतीस वर्षं अख्ख्या गावाने असा त्यांचा संसार टिकवून धरला होता. कारण तफीदाखालावर सगळ्यांचा जीव. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून गावातलं प्रत्येक पोर तिच्या हातचं खाऊनच मोठं झालेलं.

तर इन्स्पेक्टर चहा पिता पिता म्हणाला की हा सायन्सचा वर्ग बंद करावा म्हणतोय. मुलींना शिकायचंच असेल तर कालव्यापलीकडे तालुक्याच्या शाळेत जावं. आता पलीकडे कोण पाठवणार होतं आम्हाला? सगळ्यांना ठाऊक होतं, वर्ग बंद म्हणजे शाळा बंद, आणि आमच्या मागच्या बहिणींनी चुलीशी बसायचं. उम्दा म्हणाला, यंदा बघा तुम्ही. इन्स्पेक्टर हसला. म्हणाला, निम्म्या तरी होतील का पास?

त्या हसण्याने घात केला. उम्दाची मिशी थरथरली. म्हणाला, "निम्म्या? नऊच्या नऊ पास झाल्या नाहीत तर माझ्या बायकोला तलाक."

दाराआड तफीदाखाला चहाचं तबक घेऊन उभी होती. तबक पडलं नाही. ते तिने हळूच खाली ठेवलं, इतकंच. पण बैठकीतले सगळे चहा अर्धा टाकून उठले. माझे अब्बा तिथे होते, त्यांनी घरी येऊन सांगितलं. कारण कलिंगडाला गाव लाल म्हणेल, पण सानवियाचे पेपर जातात राजधानीत. तिथे नाव झाकून कुणीतरी कारकून तपासतो. त्याला ना उम्दा माहीत, ना तफीदा. तो कशाला पांढऱ्याला लाल म्हणेल?

मशिदीच्या शेखसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी तोड काढली. म्हणाले, रागात जीभ घसरते, दहा गरिबांना जेवू घाल, शप्पथ फिटली. उम्दाने लगेच मेंढी बांधूनसुद्धा आणली. पण तफीदाखाला पडद्यामागून बोलली. आयुष्यात पहिल्यांदा बैठकीत तिचा आवाज ऐकू आला म्हणे.

"शेखसाहेब, एकतीस वर्षं मला कलिंगडावर लावलंय, माशावर लावलंय, म्हशीच्या दुधावर लावलंय. आज पहिल्यांदा काहीतरी लायकीचं पुढे आलंय. राहू द्या ती शप्पथ. मुली पास झाल्या तर मी या घरची. नाही झाल्या तर दमिएतला भावाकडे जाईन."

आणि तिने मेंढी सोडून दिली.

त्या दिवसापासून उम्दा आमच्या मागे लागला. पिठाच्या गिरणीचं इंजिन दुपारी बंद. हजामाच्या मुलाचं लग्न फिजिक्सच्या पेपरानंतर ढकललं. गाढवांनी ओरडू नये म्हणून त्यांच्या मालकांना तंबी. कालव्यातले बेडूक फार गोंगाट करतात असं आमच्यातली एक म्हणाली, तर याने बेडूक पोत्यात भरून गाडीने पलीकडच्या गावी सोडले. चार दिवसांत ते परत आले. रस्त्याच्या कडेकडेने, रांगेत, मोठे पुढे लहान मागे. मी स्वतः पाहिले. उम्दा हात जोडून म्हणाला, बाबांनो, निदान केमिस्ट्री होईपर्यंत थांबा. आणि थांबले की हो. बघताय काय असं, शप्पथ घेतलीय मी.

पहाटेच्या नमाजानंतर इन्साफबाई आपल्या गच्चीवर आम्हाला शिकवायच्या. खाली वाफाळलेल्या फूलच्या, म्हणजे वालासारख्या दाण्यांच्या उसळीच्या, हंड्याचा वास, वर कबुतरं, आणि मागच्या भिंतीला टेकून तफीदाखाला मुलूखियाच्या भाजीची पानं खुडत बसलेली. तिला अक्षर वाचता यायचं नाही. पण कुणी पेंगलं की देठ फेकून मारायची, आणि नेम कधी चुकला नाही. ओरडायची मात्र नाही. तिने आम्हाला एकदासुद्धा म्हटलं नाही की माझ्यासाठी पास व्हा गं. आम्हीच रात्री उशीत तोंड खुपसून म्हणायचो.

आता गणिताच्या पेपराचा दिवस. त्या दिवशी सकाळी उम्दा शाळेच्या फाटकात उभा. सोबत नऊ फतीर, म्हणजे पदरापदराचे रोट, तुपाने निथळणारे, थाळीएवढे, वर साय, वर काकवी. म्हणाला, एकही मुलगी उपाशी पेपराला गेली तर माझ्या बायकोला... आणि जीभ चावली त्याने. पण आम्ही ऐकलं होतं. आता अर्धवट शप्पथ मोजायची की नाही, कोण धोका पत्करणार? आम्ही खाल्ले. बाकीच्यांनी अर्धा अर्धा ओढणीच्या आत सरकवला. मी मेली प्रामाणिक. अख्खा खाल्ला.

जूनचं ऊन, पंखा नाही, आणि पोटात ते फतीर. पहिले दोन प्रश्न मी सोडवले. तिसऱ्याला मनोऱ्याची उंची काढायची होती. मनोरा वाचला, आणि मला वाटलं जरा डोळे मिटून कल्पना करावी.

झोपले मी.

सुपरवायझर लांबच्या सईद भागातून आलेले, दक्षिणेकडचे, भारी मर्यादशील माणूस. परक्या मुलीच्या खांद्याला हात कसा लावणार, नावाने तरी कशी हाक मारणार? ते खोकले. पुन्हा खोकले. खिडकी उघडली, लावली. शेवटी माझ्या बाकाभोवती पाय आपटत तीन फेऱ्या मारल्या म्हणे. मी कशाची उठते. जागी झाले ती घंटेला, गालावर दोन नंबरच्या प्रश्नाचं उत्तर उलटं उमटलेलं.

मी कुणाला सांगितलं नाही. इन्साफबाईंनाही नाही. घरी म्हटलं, बरा गेला.

जुलैत निकालाचा पेपर आला. स्टेशनवर सगळं गाव. उम्दाने पेपर हातात धरला, पण चष्म्यात घाम, म्हणून इन्साफबाईंनी वाचला. एक नंबर, की एक लकेर हवेत. दोन. तीन. बायकांच्या लकेरींनी कबुतरं उडाली. आठपर्यंत झालं. मग बाईंनी पुन्हा वरून खाली बोट फिरवलं. पुन्हा खालून वर. आणि त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

दोन दिवसांनी जिल्ह्याहून यादी आली. सनिया, म्हणजे मी, गणितात नापास, दुसऱ्या फेरीला बसावं. दुसरी फेरी सप्टेंबरात.

झालं, गावात दोन तट. एक म्हणे तलाक झाला. दुसरे म्हणे, उम्दाने पहिल्या फेरीत असं कुठे म्हटलं होतं? शेखसाहेबांनी पुन्हा सांगून पाहिलं की बाबांनो, मुळात ही शप्पथच धरायची नसते. पण ज्या बाईची होती तीच धरून बसली होती. संध्याकाळी ती आमच्या दारात आली. डोक्यावर पत्र्याची पेटी, मागे तिची बदकं. माझ्या अम्मीला म्हणाली, निकाल लागेपर्यंत मी धड त्या घरची नाही आणि धड बाहेरची नाही, तर मधल्या वेळात इथे राहीन. मी कोपऱ्यात मान खाली घालून उभी. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "पुस्तक कुठंय गं तुझं?"

दोन महिने ती माझ्या खोलीत राहिली. पोरांनो, एवढ्या परीक्षा बघितल्या मी पुढे, माझ्या आणि तुमच्या आयांच्या, पण तसा उन्हाळा पुन्हा आला नाही. खिडकीत तुतीचं झाड, जमिनीवर सांडून काळे झालेले तुतीचे डाग, आणि ती चटईवर बसून कणीक मळत्ये, मी गणित सोडवत्ये. एके दिवशी मी तिला सांगून टाकलं. फतीरचं, झोपेचं, खोकणाऱ्या सुपरवायझरचं. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. तिने हातांची कणीक खरवडून काढली. मग म्हणाली, म्हणजे स्वतःची शप्पथ स्वतःच तुपात घातली म्हणायची त्याने. आणि हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेवटी शेवटी ते नुसतं पाणीच होतं, हसू नव्हतं. तेव्हा बोलली की भावजय वाईट नाही, पण तिच्या स्वयंपाकघरात माझी जागा दाराशी असेल, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात. इथे माझी चूल आहे, मी लिंपलेली.

उम्दा रोज दिवस मावळायच्या आधी यायचा. घरात यायचा नाही, तुतीखाली उभा राहायचा, आणि अब्बांना मोठ्याने विचारायचा, काय हो, बीजगणिताची तब्येत कशी आहे? भूमितीला उतार पडला का? मिशी पार खाली लोंबायला लागली होती त्याची. येताना दोन कबुतरं आणायचा, मुलीच्या मेंदूला चांगली म्हणून. तफीदाखाला ती सोलून, आत फ्रीक, म्हणजे भाजलेला हिरवा गहू, भरून, भाजून, त्यातलं एक फडक्यात बांधून परत पाठवायची. कुणाला, ते बोलायची नाही. फडकं दुसऱ्या दिवशी धुऊन यायचं.

मला ते मनोऱ्याचं गणितच बसत नव्हतं. इन्साफबाईंनी एक लाकडी कोनमापक दिलं होतं, दोऱ्याला खजुराची बी बांधलेलं. एका सकाळी तफीदाखाला म्हणाली, पुस्तकातला मनोरा कुणी पाहिलाय, चल, आपलाच मोजू. गेलो. कबुतरखान्याच्या टोकावर नेम धरून मी मागे मागे सरकत गेले. कोन बरोबर पंचेचाळीस झाला तिथे थांबले. पायथ्यापासून तिने हाताने मोजलं, तेवीस. तेवढंच वर. त्यात जमिनीपासून माझ्या डोळ्यापर्यंत तीन हात.

"किती झाले?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "सव्वीस."

ती मनोऱ्याकडे बघत राहिली. चाळीसची शप्पथ घेऊन वीस वर्षं तरी झाली असतील. मग ती मटकन तिथे बसलीच. म्हणाली, "म्हणजे मनोरा बांधला त्या सालीच माझा तलाक झालाय की गं. आणि मी आपली त्याच्या पायजम्यांना नाड्या घालत बसल्ये."

आम्ही दोघी इतक्या हसलो की कबुतरं आत जाईनात. घरी येताना तिने माझा कान धरला आणि बजावलं, पेपरात लिही, गावात बोलू नकोस. मी नाही बोलले. आज पहिल्यांदा सांगत्ये. आणि ते गणित जे डोक्यात बसलं ते अजून आहे. आताही मला कुठल्याही मनोऱ्यासमोर उभं करा.

सप्टेंबरात पेपर तालुक्याला होता. उम्दाने स्वतःची गाढवगाडी पाठवली, सोबत मोठ्ठं झाकलेलं ताट. तफीदाखालाने झाकण न उचलताच ते परत पाठवलं आणि माझ्या हातात एक काकडी दिली. पेपर उघडला. तिसरा प्रश्न, नाव समुद्रात उभी आहे, दीपस्तंभाचं टोक इतक्या कोनात दिसतं, उंची काढा. मी मान वर करून बघितलं, तर सुपरवायझर तेच. सईदचे. माझ्याकडे बघून आधीच खोकायला लागले बिचारे. मी त्यांना मान हलवून सांगितलं, नको, आज जागी आहे.

साठातले सेहेचाळीस. यादी घेऊन इन्साफबाई स्टेशनवरून धावत आल्या, चप्पल कालव्यात पडली तरी थांबल्या नाहीत. नऊच्या नऊ. वर्ग राहिला. पुढच्या वर्षी सोळा मुली बसल्या त्यात माझी धाकटी बहीण होती, तुमची डॉक्टर आजी, जी तुम्हाला इंजेक्शन देते.

आणि तफीदाखाला घरी निघाली. काय वरात होती ती. गाढवगाडीत पेटी, पेटीवर ती, मागे बदकं, बदकांमागे गाव. गिरणीवाल्याने आनंदात इंजिन सुरू केलेलं, बायकांच्या लकेरी, पत्र्याचे डबे, कालव्यातून बेडूक. मी तिच्या शेजारी, गाढवाचा कासरा धरून. उम्दा दारात उभा होता. मिशीला तेल लावलेलं, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. गाडी थांबली. तो पुढे आला आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "तफीदा, दोन महिने रोज चहा केला, पण साखरेचा डबा सापडला नाही. हे घर तुला ओळखतं, मला ओळखत नाही. आजपासून शप्पथ घेईन ती माझ्या मिशीची."

आणि पाळली त्याने. मरेपर्यंत कलिंगड लाल निघालं नाही तर मिशी उतरवीन म्हणायचा. दोनदा उतरवावी लागली. मग कलिंगड कापण्याआधी नीट बोटाने वाजवून बघायला शिकला. तफीदाखाला दोन्ही वेळा त्याच्या उघड्या ओठाकडे बघून पदरात हसली.

काय गं, काय बघतेस माझ्याकडे तू? हो, घेतलीय मी शप्पथ. पुदिन्याची पण घेतलीय.

बरं. एक गोष्ट नाही खरी. बेडकांची नव्हे, बेडूक खरे आहेत. उम्दा दारात जे बोलला ना, ते. त्या गोंगाटात तफीदाखालाला काहीच ऐकू आलं नाही. तिने माझा दंड घट्ट धरला आणि कानाशी विचारलं, काय म्हणाले गं? मी सर्वांत जवळ होते, मी ऐकलं होतं. तो म्हणाला होता, गाढवाला उन्हात कशाला उभं केलंय.

मी तिच्याकडे बघितलं. एकतीस वर्षं आणि वर दोन महिने. आणि माझ्या तोंडून ते साखरेच्या डब्याचं आणि मिशीचं निघून गेलं. ती गाडीतून उतरली आणि आत गेली. पण रात्री जेवताना तिने ते त्यालाच सांगितलं, तुम्ही असं असं म्हणालात म्हणून. तो विचारात पडला असणार. पण नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवसापासून मिशीची शप्पथ सुरू. पुढे तर बैठकीत तो स्वतःच सांगायचा, मी त्या दिवशी हिला असं म्हणालो होतो.